आप्पांनी परत न दिलेलं परमिट

लाउडस्पीकरवाल्या आप्पारावाने मागच्या पडवीतल्या बोर्डाला नुसता हात लावला, आणि घरातून चार जण एकदम ओरडले, "हात काढ! हात काढ तिथून!"

आप्पाराव जागच्या जागी उडाला. हातातली वायर सुटली. त्याला वाटलं, बसला करंट. मग वाटलं, अजून बसला नाही, म्हणजे आता बसणार. दोन्ही हात अंगापासून लांब धरून तो तसाच उभा राहिला.

"लाइट चालू हाय का काय ह्यात?"

"न्हाई," घरची सून कावेरी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेनं भरले होते.

"मग वरडता कावून, वैनी?"

"न्हाई म्हणूनच."

आप्पाराव बाहेरगावचा होता, घाटनांदूरचा नव्हे, त्याला काय माहीत. बोर्डावर पाच खटके होते. चार साधे होते आणि पाचवा लोखंडी पेटीतला, मोठ्या दांड्याचा. त्या दांड्याला सुतळीनं एक पाटी टांगलेली होती. गोड्या तेलाच्या डब्याचं झाकण कापून केलेली, कडा नीट घासलेल्या. वर लाल रंगात अक्षरं: 'माणूस काम करत आहे. खटका लावू नये.' खाली सही, सिद्धाराम.

तो माणूस गेल्या फाल्गुनात लिंगैक्य झाला होता. आज त्याचं पहिलं पुण्यस्मरण होतं, दारात मंडप होता, चुलीवर शंभर पानांची खीर होती. पाटी मात्र जिथल्या तिथं. वर्षभर त्या खटक्याला कुणी बोट लावलं नव्हतं, आणि त्या लाइनीवरची मागची खोली, परसातला दिवा आणि न्हाणीघर, तिन्ही अंधारात होती.

न्हाणीघराचं दुःख मोठं होतं. घरातले लोक मोबाइलची बॅटरी खिडकीत ठेवून आंघोळ करायला शिकले होते, पण पाहुण्यांना ते जमत नसे. दिवाळीला अंबाजोगाईहून आलेले जावईबापू भांडी घासायच्या पावडरीनं आंघोळ करून बाहेर आले होते, आणि लखलखीत दिसले होते.

या सगळ्याच्या मुळाशी होतं परमिट. सिद्धारामआप्पांनी तेहतीस वर्षं सबस्टेशनात लाइनमनकी केली. खांबावर चढायचं तर आधी ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं. तो लाइन बंद करतो, खटक्याला पाटी लावतो, वहीत वेळ लिहितो. मग ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत द्यायचं, म्हणजे स्वतः येऊन सांगायचं, 'माणसं उतरली, लाइन मोकळी.' तोवर गाव अंधारात चडफडू दे, नाहीतर मंत्र्याचा फोन येऊ दे, खटका लागत नाही. आप्पांनी हा कायदा घरात आणला. साधा बल्ब बदलायचा असला तरी हाक यायची, "गंगासागर, परमिट दे!" मग त्यांची बायको गंगासागर पदराला हात पुसत यायची, खटका पाडायची, पाटी अडकवायची, आणि दोनशे पानी वहीत आपल्या चौथी पास अक्षरात वेळ लिहायची. बल्ब लागला की आप्पा शिडीवरून उतरून तिच्यासमोर उभे राहून सांगायचे, "माणसं उतरली." एकच माणूस असायचा, तरी माणसंच म्हणायचे.

गेल्या फाल्गुनात त्यांनी सकाळी नऊ चाळीसला परमिट घेतलं होतं. अकराला मागच्या खोलीतून बाहेर आले, दाराला कुलूप घातलं, किल्ली गंगासागरच्या हातात दिली आणि म्हणाले, "जरा काम बाकी हाय. चहा घिऊन येतो." बाजेवर पाठ टेकली. चहा आला तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं.

आणि परमिट तसंच राहिलं.

कावेरीनं कणकेवर कापड टाकलं. मंडपात रुद्रप्पाकाकांचा आवाज चढला होता. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, स्टेशन रोडला पेंड-सरकीचं दुकान. सकाळपासून ते तिच्या नवऱ्याला, अमरनाथला, मंडपाच्या खांबाशी धरून होते, आणि दारात त्यांचा टेम्पो उभा होता. टेम्पोत पोती होती. पुण्यस्मरणाला कुणी पेंडीची पोती घेऊन येत नाही, एवढं तिला कळत होतं.

अमरनाथ आत आला. हा शाळेत इतिहास शिकवायचा, आणि लाइनमनचा मुलगा असून विजेला इतका भ्यायचा, की मोबाइल चार्जिंगला लावतानाही पायात चप्पल घालायचा.

"कावेरी, ऐक ना. काका म्हणतायत, मागची खोली रिकामीच हाय. त्यांचं गोदाम गळायलंय. आज सभेत सांगून टाकू. दादाच्या आठवणीनं भावाला आसरा, असं."

"पेंडीला आसरा."

"हळू बोल. नाहीतरी अंधारीच हाय ती. पोत्यांना काय, लाइट लागतीय का?"

कावेरीला बोलायचं होतं ते तिनं एका वर्षापूर्वीच बोलून ठेवलं होतं, आणि ते नुसतं नवऱ्याशी नव्हे, सासऱ्यांशीही.

आप्पा जेवायला बसले होते. ज्वारीची भाकरी वाढता वाढता तिनं धीर करून म्हटलं होतं, "मामा, मागच्या खोलीत मिरची कांडायचं मशीन टाकावं म्हणते. गावातल्या बाया अंबाजोगाईला जातात कांडपाला, दिवस मोडतो त्यांचा. मी करते. माझ्या माहेरी होतं, मला येतंय." अमरनाथला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मास्तरची बायको मिरच्या कांडणार?" म्हणून तिनं वरच्या कोर्टात दाद मागितली होती.

आप्पांनी घास गिळला. "किती हॉर्सपॉवरचं?"

"पाच."

"हं," म्हणाले, आणि ताक मागितलं.

बस. त्यानंतर महिना गेला, आप्पा गेले. त्या 'हं'चा अर्थ लावता लावता तिचं वर्ष गेलं. सुरुवातीला तिनं त्याला 'बघू' म्हणून धरलं, मग 'नको' म्हणून, आणि शेवटी नुसतं ताकाआधीचं 'हं' म्हणून सोडून दिलं. आता बाजारात मिरची आली होती, लाल, चांगली वाळलेली. आणि आज संध्याकाळपर्यंत खोलीत पेंड शिरली, की ती पुन्हा बाहेर निघणार नव्हती. काकांच्या दुकानातून एकदा आत गेलेली वस्तू बाहेर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

नणंद रुद्राणी खिरीत वेलदोडा टाकत होती. कावेरी तिच्या कानाशी गेली. "वन्सं, तुमी तरी बोला."

"मी? मी काकाच्या बाजूची हाय," रुद्राणी म्हणाली. "खोली त्याला दे, न्हाईतर हत्तीला दे. पण त्या निमित्तानं पाटी निघाली तर निघू दे बाई. माझा नवरा दिवाळीपासून ह्या घरी आंघोळीला तयार न्हाई. मुक्काम केला तरी पारोसा परत जातो."

सभा सुरू झाली. आप्पारावानं पुढच्या खोलीतून वायर ओढून माइक लावला होता. आप्पांच्या फोटोला विभूती लावून स्वामी बसले होते, आणि फोटोच्या शेजारी गंगासागर. ती वर्षभर कमी बोलायची. पूर्वी जात्यावर बसली की बाकीच्या बाया देवाच्या ओव्या म्हणायच्या, हिची आपली वेगळीच:

खांबाच्या टोकाला, माझा चढे भरतार
खाली मी रोखीते गं, तारेतला अंगार

बाया हसायच्या. आप्पा मात्र ऐकू आलं की दारातच उभे राहायचे.

आश्रुबा बोलायला उठले. धनगराचं पोर, शेरडं राखता राखता सबस्टेशनात लागले आणि तिथेच ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. त्यांना माइक कसा धरायचा ते कळेना, म्हणून काठीसारखा धरला.

"मला भाषण येत न्हाई," ते म्हणाले. "सिद्धारामाच्या लग्नाची गोष्ट सांगतो. वैनी, सांगू ना?"

गंगासागरनं पदर तोंडाशी नेला.

"लग्न ह्याच दारात. पाव्हणे तलवाड्याचे. आन हा बाबा हळद लागलेल्या अंगानं सकाळी खांबावर चढलेला. कावून? तर तार तुटली होती आन दुसरा मानूस रजेवर. काम झालं, हा घाईघाईत तसाच घरी गेला, बाशिंग बांधून बसला. परमिट परत द्यायचं इसरला! मी सबस्टेशनात. मला गावातून निरोपावर निरोप, लाइट सोड, लाइट सोड, लग्नात अंधार पडंल. मी म्हणलं, ज्यानं परमिट घेतलं त्यानं येऊन सांगायचं. नवरदेव असला तर मांडवात असला."

मंडपात खसखस पिकली.

"फोन न्हाई, काय न्हाई. अक्षतांना दहा मिनिटं राहिलेली. आन बघतो तर हा सायकलवर! डोक्याला बाशिंग, मुंडावळ्या वाऱ्यावर, मागं दोन कुत्री. दारात आला, धापा टाकत म्हणला, 'आश्रुबा, माणसं उतरली, लाइन मोकळी.' सही केली आन तसाच माघारी गेला. हिकडं तलवाडेकरांनी काठ्या काढलेल्या, नवरा पळाला म्हणून!"

"माझ्या भावानं काठी काढली न्हवती," गंगासागर एकदम म्हणाली. "सोटा व्हता."

सगळे हसले. हसता हसता आश्रुबांचा आवाज ओला झाला. "तेहतीस वर्षांत त्याच्या हाताखालचा एक मानूस दगावला न्हाई. सबस्टेशनात नवी पोरं आली की आमी सांगायचो, तार शिकायची तर पुस्तकात शिका, उतरायचं कसं ते सिद्धारामाकडून शिका."

ते खाली बसले. रुद्रप्पाकाकांना ही वेळ सोन्यासारखी वाटली. त्यांनी माइक घेतला, दादाचे गुण सांगितले, त्यांतले बरेचसे स्वतःत कसे उतरले तेही सांगितलं, आणि मग म्हणाले, "दादाची लई इच्छा होती, की मागची खोली रुद्रप्पानं वापरावी. आज स्वामींच्या साक्षीनं..."

"त्या खोलीवर परमिट हाय," कावेरी म्हणाली.

बोलल्यावर तिलाच कळलं, की आपण बोललो. सून, आणि भर सभेत. अमरनाथनं डोळे मिटले.

"कसलं परमिट, पोरी? दादाला जाऊन वरीस झालं."

"परत न्हाई ना दिलं त्यांनी. आत्ताच आश्रुबाभाऊ काय म्हणले?"

काका आश्रुबांकडे वळले. "काय हो, मेलेल्या माणसाचं परमिट चालतंय का कुठं?"

आश्रुबा घोंगडीवर सरळ बसले. तेहतीस केव्हीचा प्रश्न आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "परमिट आपोआप मरत न्हाई. ज्यानं दिलं त्यानं जागेवर जाऊन काम डोळ्यानं बघायचं. संगट जाणता मानूस पायजे. माणसं मोजायची. मग म्होरं जो त्या लाइनीची जबाबदारी घेतो, त्यानं वहीत सही करायची. त्याबिगर खटका न्हाई."

"एवढंच? मग मी करतो सही!" काकांनी खिशातून पेन काढलंसुद्धा. "जबाबदारी माझी. आण रे वही."

कावेरीला आपलीच चूक दिसली. आपणच नियम काढला, आपणच काकांच्या हातात पेन दिलं. रुद्राणी मागून कुजबुजली, "झाला का आता उजेड?"

गंगासागर सावकाश उठली. कमरेची किल्ली काढली. "भावजी, पेन झाका. आधी काम बघू."

सगळी मिरवणूक मागच्या पडवीत आली. स्वामीही आले, त्यांनाही उत्सुकता होती. कुलूप वर्षाचं गंजलेलं, ते आश्रुबांनी खोबरेल तेल सोडून उघडलं. आतून सिमेंटचा आणि बंद दिवसांचा वास आला. कावेरीनं मोबाइलची बॅटरी लावली.

भिंतीवर वायरींच्या पाइपांची नवी कोरी लाइन गेली होती, ओळंबा लावल्यासारखी सरळ. खाली मशीन बसवायला चार बोल्टांचा सिमेंटचा चौथरा. चौथऱ्याच्या डाव्या अंगाला, बाईमाणसाच्या हाताला सहज येईल अशा उंचीवर, स्टार्टर. वर मसाल्याचा खकाणा बाहेर जावा म्हणून भिंतीत पंख्याचं भोक, त्यात पंखा. आणि बोर्डावर सबस्टेशनात असतात तशी पट्टी. सबस्टेशनात प्रत्येक लाइनीला नाव असतं, गावठाण फीडर, स्टेशन फीडर. ह्या पट्टीवर त्याच लाल रंगात, त्याच वळणात लिहिलं होतं:

'कावेरी फीडर. ५ एच.पी.'

कावेरीनं बॅटरी पट्टीजवळ नेली. अक्षरं पुन्हा एकदा वाचली. त्या 'हं'नंतर ताक मागणारा माणूस उठून इथे येऊन भोकं पाडत बसला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "तुमाला ठावं होतं?"

"परमिट म्याच दिलं की. वहीत काम लिव्हलंय."

"मग बोलल्या का न्हाई वर्षभर?"

"ते म्हणले, पुरं झाल्याबिगर सुनेला बोलायचं न्हाई." गंगासागरनं सरळ तिच्याकडे पाहिलं. "पुरं झालं म्हणून मला कोण सांगितलं? बाशिंग बांधून सायकलवर आलेला मानूस तो. मला वाटायचं, येतीलच की सांगायला."

रुद्राणीनं नाक ओढलं, मग ती मोठ्यानं म्हणाली, "काका, पोती माघारी न्या. मी बाजू बदलली."

"अगं, पण..."

"नावाची पाटी हाय, काका. तुमच्या नावाचं काय हाय का इथं? हुडका."

काकांनी खरंच भिंतीवर एकदा नजर फिरवली. अमरनाथ दारातच उभा होता, पायात चप्पल होती तरी आत येत नव्हता. "आप्पांनी मलाही सांगितलं न्हाई," तो म्हणाला.

"तुला सांगितलं असतं तर भाषण दिलं असतंस," गंगासागर म्हणाली.

आश्रुबांनी चष्मा लावून एकेक जोड तपासला. बोट फिरवलं, मान हलवली, जीभ टाळ्याला लावून 'चक्' केलं, जसं चांगल्या बैलाला करतात. "सगळं पुरं हाय. फक्त स्टार्टरच्या झाकणाचा एक स्क्रू आवळायचा राहिलाय." स्क्रूड्रायव्हर चौथऱ्यावरच होता, धुळीखाली. चहा घेऊन येणाऱ्या माणसानं ठेवावा तसा. त्यांनी तो उचलला आणि कावेरीपुढे धरला. "तुमची लाइन. तुमी आवळा."

तिनं आवळला. तीन फेरे होते. तिसऱ्या फेऱ्याला तिनं उगीच जोर लावला.

"आता माणसं मोजू. सगळे बाहीर. कुणाचा हात तारेला न्हाई ना? अमरनाथ?"

"मी तर जन्मात लावला न्हाई."

"रुद्रप्पा? स्वामी? रुद्राणी?" आश्रुबा एकेक बोट मिटत गेले, आणि शेवटचं बोट तसंच उभं राहिलं. ते मिटायचं कसं, त्यांना कळेना.

गंगासागरनं ते बोट आपल्या हातानं मिटलं. "मी मोजते. ते उतरले, आश्रुबाभाऊ. मी व्हते तिथं."

वही आली. फाल्गुनातल्या त्या ओळीत, नऊ चाळीसच्या पुढे, 'काम' या रकान्यात लिहिलं होतं, 'सुनंची मिर्ची'. शेवटचा रकाना कोरा होता. कावेरीनं सही केली. गंगासागरनं शेजारी वेळ घातली, दोन दहा. मग सुतळीची गाठ सोडली. वर्षभराची गाठ, सुटेना. तिनं दातांनी सोडली. पाटी पदरात घेतली आणि सुनेला म्हणाली, "लाव."

कावेरीनं दांडा वर ढकलला.

काही झालं नाही.

परसातला दिवा मेला तसाच. न्हाणीघर तसंच. आणि त्याच क्षणी पुढून आप्पाराव बोंबलला, "लाइट गेली! सगळ्या गावाची गेली!"

"उडवलं!" अमरनाथ दोन पावलं मागे उडाला. "गाव उडवलं हिनं!"

आश्रुबांनी शांतपणे मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "ह्या टायमाला रोजच जाती. चार वाजता यील."

गंगासागरच्या तोंडून एक आवाज निघाला. सगळे घाबरले. मग कळलं, ती हसतेय. पदरात पाटी धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "जिवंत असते," ती म्हणाली, "तर आत्ता सायकल काढली असती सबस्टेशनाला!"

पंगती उठल्या. खीर पुरली, काकांनी तीन वाट्या घेतल्या आणि टेम्पो माघारी लावला. जाताना कावेरीजवळ थांबून म्हणाले, "पयली मिरची आमची कांडायची बरं का. घरचेच हाव."

"नंबर लावा," आतून गंगासागरचा आवाज आला.

चारच्या सुमारास कावेरी मागच्या खोलीत झाडू मारत होती. मंडप रिकामा झाला होता. आप्पाराव खांबाला टेकून डुलक्या घेत होता, माइक फोटोपुढे तसाच उभा. फोटोजवळ गंगासागर एकटी बसली होती आणि नवऱ्याशी हळू बोलत होती, वर्षभराचं साठलेलं.

आणि लाइट आली.

कावेरीच्या डोक्यावरचा बल्ब लख्खकन पेटला, पंखा घरघरला, परसातला दिवा भर उन्हात लागला, न्हाणीघर उजळलं. आणि मंडपावरच्या कर्ण्यातून घाटनांदूरच्या अर्ध्या गल्लीवर गंगासागरचा आवाज घुमला:

"...सही सुनंची हाय. अक्षर बरं हाय तिचं. काम पुरं झालं, आता तुमी बिनघोर बसा. आन चहा तवाचा तसाच राहिला, तो काय मी पुन्यांदा करणार न्हाई..."

समोरच्या घरातल्या दोन बाया धावत दारात आल्या. आप्पाराव दचकून उठला आणि माइककडे धावला.

"राहू दे," कावेरी मागच्या दारातून ओरडली. "हात काढ तिथून!"